पावसाळ्यातला ताप: जंतूचा प्रकार लक्षात घेऊन पुढचे पाऊल कसे टाकावे

जून ते ऑक्टोबर या काळात महाराष्ट्रात आणि गोव्यात घरातल्या कोणाला ताप आला की साधारणपणे दोनच प्रश्न विचारले जातात: ताप किती आहे आणि गोळी कोणती दिली. हा ताप कोणत्या प्रकारच्या जंतूमुळे आला असावा, हा तिसरा प्रश्न डॉक्टरांचा समजून सोडून दिला जातो. वास्तविक त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागणारी बरीचशी माहिती रुग्णाजवळ आणि घरच्यांजवळच असते. ती डॉक्टरांपर्यंत पोहोचली नाही, तर योग्य तपासणी चुकीच्या दिवशी होते आणि औषध मात्र त्याआधीच सुरू झालेले असते. पुढे दिलेली रीत घरच्या घरी निदान करण्यासाठी नाही. कोणती नोंद ठेवावी, कोणती तपासणी कोणत्या दिवशी करून घ्यावी, कोणते औषध आपणहून घेऊ नये आणि रुग्णालय कधी गाठावे, एवढे ठरवण्यासाठी ती आहे.

जंतू चार प्रकारचे, आणि औषधेही म्हणून वेगवेगळी

विषाणू ही पेशी नसते. जनुकीय द्रव्याचा एक तुकडा आणि त्याभोवती प्रथिनांचे वेष्टन एवढाच त्याचा पसारा असतो, त्यामुळे वाढण्यासाठी त्याला आपल्या पेशीत शिरून तिचीच यंत्रणा वापरावी लागते. जिवाणू ही मात्र स्वतंत्र पेशी असते. तिला स्वतःची भिंत असते, प्रथिने बनवणारी स्वतःची यंत्रणा असते, आणि आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती बहुतेक औषधे यांपैकी एखाद्या ठिकाणी घाव घालतात. विषाणूला ना ती भिंत असते ना ती यंत्रणा, त्यामुळे डेंग्यूत किंवा फ्लूमध्ये घेतलेले अँटिबायोटिक विषाणूपर्यंत पोहोचले तरी तेथे त्याला करण्यासारखे काही नसते. ते फक्त आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारते आणि जे जिवाणू त्यातून वाचतात त्यांना त्या औषधाविरुद्ध तयार करते.

बुरशी आणि परजीवी यांची गोष्ट निराळी आहे. या दोघांच्या पेशींची घडण बरीचशी आपल्या पेशींसारखी असते, म्हणजे त्यांना केंद्रक असते आणि आतली रचनाही मिळतीजुळती असते. त्यामुळे जंतूला मारील पण माणसाला इजा करणार नाही असे औषध शोधणे अवघड जाते, जी औषधे सापडली आहेत ती मोजकीच आहेत आणि त्यांतली काही यकृताला किंवा मूत्रपिंडाला जड पडतात. गजकर्णाच्या गोळ्या दुकानातून आपणहून आणून महिनाभर खाणे किंवा हिवतापाच्या (मलेरियाच्या) गोळ्या मनाने अर्ध्यावर सोडणे या दोन्ही गोष्टी अंगाशी येतात, त्याचे मूळ येथे आहे.

जंतू शरीरात शिरला म्हणजे आजार झालाच असे नाही, आणि आजार झाला तरी सगळे नुकसान जंतूनेच केलेले असते असेही नाही. पटकीचा (कॉलराचा) जिवाणू आतड्याच्या अस्तराच्या आत घुसतही नाही. तो बाहेर राहून विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकत राहतात. विषमज्वराचा (टायफॉइडचा) जिवाणू याउलट अस्तर ओलांडून रक्तात जातो. क्षयाच्या जिवाणूमुळे फुप्फुसात जी पोकळी होते ती बरीचशी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या लढाईतून होते. डेंग्यूत केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) गळू लागतात त्यातही आपल्या प्रतिकारशक्तीचा वाटा मोठा असतो. म्हणून ‘जंतू मेला की माणूस बरा’ हा हिशेब नेहमी जुळत नाही, आणि काही आजारांत जंतूवर एकही औषध नसताना केवळ पाणी वेळेवर आणि मोजून दिल्याने माणूस वाचतो.

पहिल्या दिवशी काय लिहून ठेवावे

ताप आल्याचे लक्षात येताच दिनांक आणि अंदाजे वेळ लिहून ठेवावी. भिंतीवरच्या कॅलेंडरची चौकट त्यासाठी पुरेशी आहे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीचा अर्थ हा तापाचा कितवा दिवस आहे यावर अवलंबून असतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दवाखान्यात बसल्यावर ‘सोमवारी आला की मंगळवारी’ यावर घरात एकमत होत नाही. हाताने अंग चाचपून काढलेला ताप नोंदीत धरू नये. थर्मामीटर काखेत नीट दाबून ठेवावा, डिजिटल असेल तर तो वाजेपर्यंत काढू नये, आणि ताप उतरवण्याची गोळी देण्यापूर्वीचा आकडा लिहावा. आकड्याशेजारी थंडी वाजून हुडहुडी भरली का, किती वाजता भरली, घाम येऊन ताप उतरला का, दिवसभरात लघवी किती वेळा झाली आणि कोणती गोळी किती वाजता दिली, हे लिहावे. जुलाब होत असतील तर त्यांचीही मोजणी ठेवावी.

त्यानंतर मागच्या तीन आठवड्यांचा आढावा घ्यावा. जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत काही काळ जातो आणि तो काळ प्रत्येक आजारात वेगळा असतो: डेंग्यूत साधारण ४ ते १० दिवस, लेप्टोस्पायरोसिसमध्ये बहुधा ५ ते १४ दिवस, हिवतापात आणि विषमज्वरात सहसा एक ते दोन आठवडे, काही वेळा त्याहून अधिक. म्हणून काल रात्री बाहेर काय खाल्ले यापेक्षा दहा दिवसांपूर्वी काय घडले हे अधिक महत्त्वाचे ठरते. साचलेल्या पाण्यातून चालणे झाले का, भाताच्या खाचरात किंवा गोठ्यात काम केले का, पायाला जखम किंवा चिखल्या होत्या का, गावी किंवा जंगलाच्या भागात जाणे झाले का, इमारतीचे बांधकाम शेजारी चालू आहे का, पाण्याची टाकी किंवा नळाची जोडणी नुकतीच फुटली होती का, घरात किंवा मजल्यावर आणखी कोणाला ताप आहे का, या प्रश्नांची उत्तरे जमवून डॉक्टरांना न विचारता सांगावीत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे सगळे विचारायला डॉक्टरांना वेळ मिळेलच असे नाही.

अंगावरही एकदा नीट पाहावे. विदर्भात २०१८ साली स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा या आजाराचे नाव पुष्कळांनी प्रथमच ऐकले. गवता-झुडपांतल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून हा जिवाणू शरीरात जातो आणि चाव्याच्या जागी अनेकदा विडीचा चटका बसल्यासारखी काळी, कोरडी खपली उरते. ती दुखत नाही आणि काख, जांघ, स्तनांखालची घडी, नाडी किंवा इलॅस्टिक बसते ती कंबरेची जागा अशा आडोशाला असते, म्हणून रुग्णाला स्वतःला तिचा पत्ता नसतो. घरच्यांनी ती शोधून दाखवली तर निदान काही मिनिटांत पुढे सरकते आणि डॉक्सिसायक्लिनसारखे जुने, स्वस्त औषध वेळेवर सुरू होते. खपली नसली म्हणून हा आजार नाही, असे मात्र समजू नये.

हिवताप: रक्ताची काच औषधाआधी

पावसाळ्यात ताप आला की हिवतापाची तपासणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी. तिच्यासाठी थांबण्याचे काहीच कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यांत ती विनामूल्य होते. बोट टोचून काचेवर दोन प्रकारचे ठसे घेतात. एक जाड ठसा असतो. तो थेंब काचेच्या कोपऱ्याने गोल फिरवत साधारण एक सेंटिमीटरभर पसरवतात, आणि तो इतका जाड असावा लागतो की काच छापील कागदावर धरली तर खालची अक्षरे त्यातून जेमतेम वाचता यावीत. दुसरा पातळ ठसा दुसऱ्या काचेच्या कडेने जिभेच्या आकारात ओढलेला असतो. जाड ठशातल्या तांबड्या पेशी पाण्याने विरघळवून टाकतात, त्यामुळे बऱ्याच रक्तातले परजीवी थोड्या जागेत दिसतात. पातळ ठशात तांबड्या पेशी शाबूत राहतात आणि परजीवी व्हायवॅक्स जातीचा आहे की फाल्सिपेरम जातीचा, हे त्यावरून ठरवता येते. आपल्याकडील सरकारी प्रयोगशाळांत यासाठी जसवंत सिंग-भट्टाचार्जी हा भारतात तयार झालेला रंग वापरण्याची पद्धत आहे.

एक काच निर्दोष आली म्हणून हिवताप नाही, असा निष्कर्ष काढू नये. ताप चालूच राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त द्यावे. मात्र मधल्या काळात हिवतापाची उरलेली गोळी घरातल्या डब्यातून काढून देऊ नये, कारण अर्धवट औषधाने परजीवींची संख्या काचेवर न दिसण्याइतकी कमी होते आणि आजार तसाच राहतो. झटपट तपासणीची पट्टीही चांगली असते, पण फाल्सिपेरमची पट्टी बरे झाल्यावरही काही आठवडे दोष दाखवू शकते. म्हणून नुकताच हिवताप होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा ताप आला, तर काचेचाच आग्रह धरावा.

हे सारे एवढ्या तपशिलात सांगण्याचे कारण परजीवीच्या जीवनक्रमात आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत अॅनॉफेलिस डासाच्या जठराच्या भिंतीत हा परजीवी पाहिला आणि तो डासातून पसरतो हे कोडे सुटण्याच्या मार्गाला लागले. डास चावल्यावर परजीवी प्रथम यकृतात जातो, तेथे वाढून रक्तात उतरतो, तांबड्या पेशीत शिरून तिच्यातले हिमोग्लोबिन खातो आणि साधारण ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. अशा असंख्य पेशी एकाच सुमारास फुटतात तेव्हा हुडहुडी भरते. फाल्सिपेरमने ग्रासलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, आणि मेंदूतल्या वाहिन्या अशा तुंबल्या की रुग्ण बरळू लागतो, त्याला झटके येतात आणि शुद्धही हरपते. व्हायवॅक्सची खोडी वेगळी आहे: त्याचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात.

क्लोरोक्विनने रक्तातला व्हायवॅक्स मरतो आणि ताप दोन-तीन दिवसांत जातो, पण यकृतात दडलेल्यांसाठी प्रायमाक्विन हे दुसरे औषध १४ दिवस घ्यावे लागते. माझ्या मते पावसाळी आजारांत सर्वांत अधिक हेळसांड या चौदा दिवसांची होते, कारण चौथ्या दिवशी माणूस कामावर जातो आणि बरे वाटत असताना रोज गोळी घेण्याची आठवण कोणाला राहत नाही. दिवाळीच्या आसपास पुन्हा ताप आला की तो नव्या डासाचा समजला जातो. गोळ्यांच्या पाकिटावर दिनांक लिहून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. प्रायमाक्विन गर्भवतींना देत नाहीत, आणि जीसिक्सपीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांत त्याने तांबड्या पेशी फुटतात. औषध चालू असताना लघवी काळपट लाल झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

डेंग्यू: ताप उतरल्यावर सावध राहावे

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेल्यावर त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण नंतर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर पहिल्या वेळची प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) काही वेळा विषाणूला पेशीत शिरायला मदतच करतात, आणि म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. ‘मला मागे एकदा होऊन गेला आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तपासणीचे वेळापत्रक असे ठेवावे: तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस १ ही तपासणी, कारण त्या काळात विषाणूचे प्रथिन रक्तात फिरत असते, पाचव्या दिवसानंतर आयजीएम ही तपासणी, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला तेवढा काळ लागतो. दुसऱ्याच दिवशी आयजीएम करून ‘डेंग्यू नाही’ म्हणून निर्धास्त होणे किंवा आठव्या दिवशी एनएस १ वर पैसे घालवणे, दोन्ही निरर्थक आहे.

उपचारात विषाणूवर औषध नाही. ताप आणि अंगदुखी यांसाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, प्रौढांनी दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर ठेवावे, आणि मुलांची मात्रा वजनावरून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो. दुकानातून मिळणाऱ्या अंगदुखीच्या मिश्र गोळीत यांपैकी एखादे अनेकदा असते, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. पाणी, सरबत, ताक, पेज, शहाळे यांपैकी जे जाईल ते थोडे थोडे देत राहावे. लघवी दर चार-सहा तासांनी होत आहे ना, यावर लक्ष ठेवावे.

धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, नेमका ताप उतरू लागतो तेव्हा येतो. त्या वेळी केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब घसरतो. घरात मात्र ताप गेला म्हणून सुटकेचा श्वास टाकलेला असतो. पोटात सतत आणि जोराने दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, काळी शौच, हातपाय थंड पडणे, विलक्षण थकवा किंवा उलट अस्वस्थ चुळबूळ, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्लेटलेटच्या आकड्याची भीती आपल्याकडे फार पसरली आहे. नातेवाईक दिवसातून दोनदा तो आकडा विचारतात, त्याच अहवालात छापलेला हिमॅटोक्रिट मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक रक्त किती दाट झाले आहे हे हिमॅटोक्रिटवरून कळते आणि सलाईन किती द्यायचे तेही त्यावरच ठरते. रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवण्याची गरज सहसा नसते. भारतातील मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा १०,००० च्या खाली धरलेली आहे. पपईच्या पानांचा रस प्यायल्याने केशवाहिन्यांची गळती थांबत नाही, आणि आधीच उलट्या होत असलेल्या माणसाच्या पोटात तो कडू रस ओतणे मला तरी क्रूरपणाचे वाटते.

पुराचे पाणी आणि लेप्टो

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. हा मळसूत्री आकाराचा जिवाणू उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रपिंडात राहतो आणि त्यांच्या लघवीतून पाण्यात किंवा चिखलात येतो. उंदराला त्याचा त्रास होत नाही. माणसाच्या शरीरात तो कातडीवरच्या जखमेतून, भेगांतून किंवा डोळ्या-तोंडाच्या ओल्या त्वचेतून जातो. कोकणात भातलावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उतरणाऱ्यांना म्हणूनच हा आजार होतो. त्यासाठी शहर तुंबावे लागत नाही.

अशा पाण्यातून चालावे लागले तर घरी येताच पाय साबणाने धुवून कोरडे करावेत, जखमा पाहाव्यात, आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्यावे का, हे विचारावे. एकदाच पाण्यातून गेलेल्याला एक मात्रा पुरू शकते. जखम असलेल्याला किंवा पुनःपुन्हा पाण्यात उतरणाऱ्याला वेगळे वेळापत्रक लागते. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुले यांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरे औषध निवडतात. ताप आलाच तर पोटऱ्या दाबून पाहाव्यात. पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि चिपडे न येता डोळे लाल होणे या दोन गोष्टी लेप्टोकडे बोट दाखवतात. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे किंवा खोकल्यातून रक्त येणे हे यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुस बाधित झाल्याचे लक्षण आहे. हा जिवाणूचा आजार असल्यामुळे येथे अँटिबायोटिक खरोखर प्राण वाचवते, पण ते पहिल्या काही दिवसांत मिळावे लागते. ‘अँटिबायोटिक वाईट’ अशी सरसकट समजूतही म्हणून उपयोगाची नाही.

पाण्यातून पोटात जाणारे जिवाणू

विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा, ताप एकदम न चढता दिवसागणिक चढत जातो आणि आठवडा उलटला तरी उतरत नाही. जिवाणू लहान आतड्यातल्या लसिका ऊतींत वाढतो, आणि उपचार न झाल्यास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तेथे व्रण होऊन आतड्याला भोक पडू शकते. याची खरी तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर (रक्तातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे), आणि ते अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी काढावे लागते. कल्चरमुळे जिवाणू सापडतो आणि कोणत्या औषधाला तो दाद देईल हेही समजते. विडाल ही टायफॉइडची दुसरी रक्ततपासणी १८९६ पासूनची आहे. पूर्वीची लागण, लस किंवा वेगळाच ताप यांनीही ती दोष दाखवते, त्यामुळे तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेल्या एका विडालवर भरवसा ठेवणे योग्य नाही. लहान मुलांसाठी टायफॉइडची संयुक्त लस उपलब्ध आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती सार्वजनिक मोहिमेतून मुलांना दिली होती.

पटकी आणि इतर जोराच्या जुलाबांत जंतूचा शोध नंतर घेतला तरी चालतो, पाणी आधी द्यावे लागते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे, सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांतून वाटले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. पटकीच्या विषाने आतडे क्षार बाहेर टाकत असले तरी ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत घेणारी दुसरी वाट चालूच असते, हे त्यामागचे गमक आहे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी पूर्ण मिसळावे, अर्धे पाकीट अंदाजाने घालू नये, आणि द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. लहान पाकिटे कमी पाण्यासाठी असतात, त्यामुळे पाण्याचे माप पाकिटावर वाचूनच घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे. बाटलीबंद गोड पेयांत साखर जास्त आणि क्षार कमी असतात, त्यांनी जुलाब वाढतात.

बुरशी: ताप नाही, पण चिकाटी फार

सामान्य प्रकृतीच्या माणसाला बुरशीमुळे ताप येणे विरळा असते, कारण बहुसंख्य बुरश्यांना आपल्या शरीराचे ३७ अंश तापमान मानवत नाही. त्या वरच्या कातडीवर, नखांवर आणि केसांवर राहतात आणि तेथले केराटिन नावाचे प्रथिन खातात. पावसाळ्यात न वाळलेले कपडे, जांघेतला घाम आणि घट्ट जीन्स यांमुळे गजकर्ण घरभर पसरते. त्यावर दुकानातून आणलेले मिश्र मलम लावण्याची सवय ही आपल्याकडची मोठी अडचण झाली आहे. त्या मलमात स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, कारण प्रतिकारशक्तीची प्रतिक्रियाच दबते. बुरशी मात्र निर्धास्तपणे पसरते, चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते आणि त्वचा पातळ पडते. २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी या नावाने वेगळी ओळखली गेलेली बुरशी टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद देत नाही. चट्टा दिसेनासा झाल्यावरही त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तितके दिवस उपचार चालू ठेवावा, टॉवेल आणि अंतर्वस्त्रे वेगळी धुवून उन्हात वाळवावीत, ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी, आणि घरातल्या सर्व बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

प्रतिकारशक्ती ढासळली की मात्र काही बुरश्या आत शिरतात. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे (‘काळ्या बुरशी’चे) जे रुग्ण पाहिले त्यांत अनियंत्रित मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली स्टिरॉइड यांचा मेळ वारंवार आढळत होता. मधुमेही माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला, डोळा सुजला, नाकातून काळपट स्राव आला किंवा वरचे दात हलू लागले, तर तो सर्दीचा प्रकार समजून घरी थांबू नये.

इतर परजीवी आणि साखळी तोडण्याची जागा

विदर्भात हत्तीरोगाचा ताप अजून आढळतो. जांघेत गाठ, पायावर लाल रेघ आणि थंडीताप असे त्याचे रूप असते. या कृमीची पिल्ले बहुधा रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दहानंतर रक्त घ्यायला दारात आले तर त्यांना परत पाठवू नये. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे आणि गोव्यात सत्तरीत माकडताप होतो, तो विषाणूचा असून गोचिडीतून येतो. त्याचा हंगाम मात्र डिसेंबर ते मे असा काजूच्या कामाचा असतो, आणि मेलेल्या माकडाजवळ न जाता आरोग्य खात्याला कळवणे ही त्यातली पहिली खबरदारी आहे.

ज्या परजीवीवर ना लस होती ना खात्रीचे औषध, तो नारू भारतातून पूर्णपणे गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणित केले. पायाच्या फोडातून बाहेर येणारी मादी पाण्यात पिल्ले सोडते, ती पाण्यातल्या बारीक प्राण्याच्या पोटात जातात आणि तेच पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होतो, एवढे कळल्यावर पाणी फडक्याने गाळणे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे पुरले. डासांच्या बाबतीत अशी जागा म्हणजे अंड्यापासून डास होईपर्यंतचे दिवस. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला त्यासाठी साधारण एक आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून पिंप, हंडे, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या कराव्यात आणि आतली बाजू ब्रशने घासावी, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि नुसते पाणी ओतून दिल्याने ती निघत नाहीत. कोरड्या भांड्यातही ती कित्येक महिने तग धरतात. गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट बसते का, हे त्याच दिवशी पाहावे. शहरातला हिवतापाचा डास तेथेच वाढतो.